गाल पांढरा की करडा: ठाणे-वाशीत चिमण्यांच्या मागे चार दिवस

ताई जर्मनीत असते आणि तिकडे बाल्कनीत चिमणी आली की घरच्या ग्रुपवर फोटो पडतोच, बघा आपली चिऊताई इथेही आली वगैरे. फेब्रुवारीत असाच एका चिमण्याचा फोटो पडला आणि ठाण्याच्या काकांनी खाली लिहिलं, "हा आपला नाही. ह्याचे गाल मळके आहेत." बास, त्यावर तीन दिवस वाद. ताई म्हणे उजेडामुळे तसं दिसतंय, आई म्हणे थंडीत शेकोट्यांचा धूर बसत असेल, मी म्हटलं चिमणी ती चिमणी, त्यात आपली काय आणि परकी काय. शेवटी काकांना गप्प करायचं म्हणून मी शोधायला बसलो आणि निघालं असं की काका बरोबर.

म्हणजे जात एकच, पासर डोमेस्टिकस, लिनियसने १७५८ साली नाव दिलेली. पण तिच्यात बाराएक उपजाती आहेत आणि त्यांचे ढोबळ दोन गट पडतात, एक युरोपकडचा आणि एक आपल्याकडचा, इंडिकस. युरोपातल्या नराचे गाल करडे, आपल्याकडच्याचे पांढरेस्वच्छ. अंगानेही आपल्या जरा लहानखुऱ्या. इतकी वर्षं रोज डोळ्यासमोर असलेला पक्षी आणि त्याच्या गालाचा रंग मला सांगता आला नसता हे जरा लागलंच. वर माझ्या चार सुट्ट्या मार्चअखेर लॅप्स होणार होत्या. मावशीला फोन केला, म्हटलं येतो चार दिवस, चिमण्या बघायला. ती म्हणाली ये, पण पुण्यातल्या संपल्या का?

पहिला दिवस, गुरुवार, नौपाडा

काकांची बिल्डिंग नौपाड्यात, तीन मजली, जुनी. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा आठ वर्षं चालू आहेत आणि त्या अशाच चालू राहोत असं आता मलाही वाटायला लागलंय, कारण खाली जिन्याजवळ लाकडी मीटरपेटी आहे, तिची वरच्या कोपऱ्यातली फळी निखळलीय आणि त्या फटीत चिमण्यांनी घर केलंय.

काका म्हणजे मावशीचे यजमान, वय ७४. सगळा जन्म एका धान्य व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्यात गेला, आधी मशीद बंदरला, मग बाजार वाशीला हलला तेव्हा वाशीला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी हातात रोजमेळाची वही असतेच, त्यात दूध, पेपर, इस्त्री, आणि गेल्या वर्षीपासून चिमण्या. मागच्या शनिवारची नोंद मी वाचली, अशी होती: मादी आत, नर गवत घेऊन ११ फेऱ्या, एक फेरी प्लॅस्टिकची पट्टी, एक फेरी रिकामी. "रिकामी फेरी पण लिहिता?" म्हटलं तर म्हणाले, "मग? खर्ची पडलीच ना ती."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलं की पेटी पाच-सहा फुटांवर येते. मी दुर्बीण वगैरे घेऊन गेलो होतो, तिची गरजच नाही. चिमणा समोर पेटीच्या कडेवर बसलेला. डोकं वरून राखाडी, डोळ्यामागून मानेवर जाणारा तांबूस पट्टा, गाल खरंच पांढरे, धुतल्यासारखे, आणि गळ्यापासून छातीपर्यंत काळा डाग. चोच काळी कुळकुळीत. डाव्या पंखात एक पीस पूर्ण पांढरं होतं, त्या पिसामुळे मावशीने त्याचं नाव पंत ठेवलंय. पंत दर पाच-सात सेकंदांनी चिरर्प करत होते, अंग फुलवून, पंख अर्धवट खाली सोडून. आतून मादीने एकदा डोकं काढलं, बघितलं, परत आत. मादी साधी, मातकट, डोळ्यामागे फिकट पट्टी आणि पाठीवर गडद रेघा. ह्या पाठीवरच्या रेघा लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी ह्यांच्यावरून माझा पोपट होणार आहे.

त्या काळ्या डागाची एक गंमत मी वाचून गेलो होतो ती काकांना सांगितली. विणीनंतर चिमणा जुनी पिसं टाकतो, नवी येतात तेव्हा गळ्यावरच्या पिसांची टोकं फिकट असतात म्हणून काळा रंग झाकलेला राहतो. पुढच्या महिन्यांत ती टोकं झिजत जातात आणि विणीच्या वेळेपर्यंत खालचा काळा बाहेर येतो, म्हणजे नवरदेव सजतो तो नवीन कपडे घालून नाही तर आहेत तेच झिजवून. चोचीचं वेगळं, ती विणीच्या दिवसांत खरोखर काळी होते आणि नंतर परत फिकट तपकिरी. डाग मोठा असेल तर बाकीचे नर सहसा वाकड्यात जात नाहीत असं मानतात. काका म्हणाले, "कोऱ्या नोटेच्या उलट. झिजेल तसा भाव वाढतो."

आणि हे सगळं किती वजनात, तर साधारण पंचवीस ग्रॅम. मावशीच्या देवघरातल्या डब्यात पाच रुपयांची जुनी जाडी नाणी होती, त्यातली तीन हातावर घेऊन बघितली, एकेक नऊ ग्रॅमचं. तीन नाणी म्हणजे एक चिमणी, जरा खाऊनपिऊन असलेली.

संध्याकाळी जांभळी नाक्याला चक्कर मारली, वाण्याच्या दुकानापुढे चार-पाच चिमण्या, कबुतरं मात्र शंभर. तलावपाळीवर गर्दी. मिसळ खाल्ली, तिखट होती, झोप उशिरा लागली.

दुसरा दिवस, शुक्रवार, येऊर

पहाटे साडेपाचला रिक्षा, उपवन तलावाच्या पुढे चढ लागतो आणि दहा मिनिटांपूर्वीचं ठाणे कुठे गेलं असं होतं. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. गेटवर नोंद केली. काकांनी सोबत थर्मास, छत्री, वही आणि ग्लुकोजची बिस्किटं आणली होती, मी पाण्याची बाटली रिक्षात विसरलो.

इथे शोधायची होती ती दुसरीच चिमणी. रानचिमणी, पीतकंठी चिमणी पण म्हणतात, शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. आपल्या घरातल्या चिमणीची लांबची नातेवाईक, पण हिला माणसाच्या घराचं काही पडलेलं नाही, झाडाच्या ढोलीत राहते, सुतारपक्ष्याने नाहीतर तांबट पक्ष्याने कोरून सोडलेल्या भोकात. आणि हिला एक इतिहास आहे. साधारण १९०८ च्या सुमाराची गोष्ट, मुंबईत दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, हातात घेऊन बघतो तर गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथले सचिव मिलार्डसाहेब, त्यांनी पक्षी ओळखून दिलाच, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. आपल्या देशातल्या पक्षीशास्त्राला जे वळण लागलं ते ह्या पिवळ्या ठिपक्यावरून, आणि आज ठाण्यात दहा माणसांना विचारा रानचिमणी म्हणजे काय, नऊ म्हणतील तसं काही नसतं. त्या नवांत मी पण होतो, महिन्यापूर्वीपर्यंत.

तर गेटच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बसलो होतो आणि समोर तारेवर एक मातकट पक्षी येऊन बसला. सडपातळ वाटला. गळा फिकट. मी उठलोच, हात थरथरत, चाळीसेक फोटो काढले, काकांना म्हटलं झालं काम, पहिल्याच तारेवर. टपरीवाला पण बघायला लागला. काकांनी चष्मा वर केला, कॅमेऱ्याचा स्क्रीन जवळ धरला आणि म्हणाले, "पाठीवर रेघा आहेत रे. ही मीटरपेटीवाली." खरंच होत्या, स्वच्छ, गडद. घरचिमणीची मादी. तेवढ्यात ती तारेवरून उतरली आणि टपरीवाल्याच्या खारीच्या चुऱ्यावर तुटून पडली, म्हणजे पुरावा पण तिनेच दिला. टपरीवाला म्हणाला, "साहेब, ही तर रोज असते." मी दुसरा चहा सांगितला.

पुढे आत पाड्यांकडे जाणाऱ्या वाटेला लागलो. मार्चमध्ये येऊर अर्धं वाळलेलं असतं, पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडतात, आणि त्यात मधूनच काटेसावर, पान एक नाही आणि फांदीफांदीवर लालबुंद जाडजूड फुलं. एका सावरीखाली आम्ही तासभर बसलो. वर नुसती जत्रा. पळसमैनांचा थवा, बुलबुल, एक भृंगराज दुसऱ्यांच्या आवाजाच्या नकला करत, खारी. तांबट कुठेतरी टुक टुक टुक टुक, डोकं उठेपर्यंत.

मग काकांनी दाखवलं. मी नाही, काकांनी. सावरीच्या शेंड्याला, फुलाच्या कडेवर बसून आत चोच घालणारा एक छोटा पक्षी, डोकं बाहेर काढलं की चोचीभोवती पराग लागलेला. दुर्बिणीत घेतला. पाठ साधी, राखी-मातकट, एकही रेघ नाही. पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या. खांद्यावर तांबूस डाग, विटेच्या रंगाचा. चोच चिमणीपेक्षा बारीक आणि टोकदार, काळी. गळा पांढुरका आणि त्याच्या खाली, फक्त मान वर केल्यावर दिसेल असा, पिवळा ठिपका. लिंबाची साल नखाने खरवडून चिकटवावी एवढासा. मान खाली केली की गायब. तो दिसायला मला बारा मिनिटं लागली, आणि दिसला तेव्हा मी फोटो काढायचा विसरलो.

मग एकदा नजर बसल्यावर दिसतच गेल्या, सहा-सात तरी असतील. घरचिमणीसारखंच चिरपतात पण जरा गोड, लयीत, सारखं चिलप चिलप चिलप. दाणे खातात, किडे खातात आणि फुलांचा मध पितात, सावर, पळस, मोह जे फुललं असेल त्यावर हजर. पुढे एका वठलेल्या झाडाला, दोन पुरुष उंचीवर भोक होतं, तिथे एक जोडी सारखी आत-बाहेर. नराने एकदा पिसाचा तुकडा आणला तो भोकाच्या तोंडाशी पडला, गिरक्या घेत खाली आला, नर पार जमिनीपर्यंत त्याच्या मागे आला आणि परत घेऊन गेला. काकांनी वही काढली.

ह्या रानचिमण्यांतही दोन घराणी आहेत. आपल्याकडच्या बहुतेक इथल्याइथेच हिंडणाऱ्या. पण हीच जात पश्चिमेला इराण, इराक, तुर्कस्तानपर्यंत जाते आणि तिकडच्या जरा फिकट असतात, त्या उन्हाळ्यात तिकडे विणतात आणि थंडीत वाळवंट ओलांडून भारत-पाकिस्तानकडे येतात. एवढा पल्ला, तीन नाण्यांपेक्षाही कमी वजनाचा जीव. काकांचा पहिला प्रश्न, "मग त्यातली एखादी इथे आलेली असेल तर ओळखायची कशी?" मी म्हटलं काका, मला अजून चिमणी आणि रानचिमणीत गोंधळ होतोय.

उतरताना सालिम अलींची अजून एक गोष्ट सांगितली. लहानपणीच त्यांनी एका तबेल्यात चिमणीचं घरटं हेरलं होतं, मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. त्यांनी नर पाडला, तर थोड्या वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर. तो पाडला तर तिसरा. सात दिवसांत आठ नर. पोराने ते सगळं टिपून ठेवलं होतं, आणि ती नोंद पुढे बऱ्याच वर्षांनी छापूनही आली. पोरवयातला क्रूरपणा आहेच, पण त्यातून कळतं की जोडीदार नसलेले नर आसपास घरटी हेरत फिरत असतात आणि जागा रिकामी झाली की भरते. मावशीला रात्री हे सांगितलं तर ती म्हणाली, "काहीतरीच," आणि पोळी वाढायला उठली.

तिसरा दिवस, शनिवार, दाणा बंदर

ठाण्याहून दहा नंबरवरून पनवेल गाडी, तुर्भ्याला उतरलो. बाजार समितीचं धान्य मार्केट आता वाशीत, पण जुनी माणसं अजून दाणा बंदरच म्हणतात, समुद्र-बंदर काही जवळ नसताना. काका गेटमधून आत शिरले आणि दहा वर्षांनी लहान झाले. माथाडी, टेम्पोवाले, चहावाला, सगळे "काय शेठ" करत. मी मागून कॅमेरा लपवत.

इथे चिमण्या मोजायच्या म्हणजे वेडेपणाच. गाळ्यांच्या पत्र्याखाली, शटरच्या गुंडाळीत, फाटक्या पाइपात, बोर्डांच्या मागे. पोतं उतरवताना एखादं सुटतं, गहू-बाजरीची धार लागते, की पत्र्यावरून वीस-पंचवीस एकदम खाली. झाडणाऱ्या बायका खराटा मारतात तशा ह्या चार फूट पुढे पुढे सरकतात, उडत नाहीत. एका चिमणीला मी अगदी हातभर अंतरावरून बघितलं. गव्हाचा दाणा उचलला, चोचीत आडवा धरला, जिभेने फिरवत फिरवत त्याची साल खाली टाकली आणि मग गिळला, तीन सेकंदांत. बाजरीला दीड. तुरीच्या डाळीकडे ढुंकून बघितलं नाही.

एका गाळ्यापुढे बारदानाच्या ढिगावर एक पांढरं-काळं कुत्रं झोपलं होतं, आणि त्याच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर चिमण्या दाणे टिपत होत्या. इथे काकांना मी ती गोष्ट सांगितली जी मला ह्या सगळ्या वाचनात सगळ्यात जास्त आवडली होती. मध्य आशियात एक उपजात आहे, बॅक्ट्रियानस. दिसायला चिमणीच, पण ती रानटी राहिली, गवताळ भागात राहते, माणसाच्या घरात सहसा येत नाही, आणि थंडीत खाली भारताच्या वायव्येकडे येते. २०१८ साली शास्त्रज्ञांनी हिची आणि घरचिमण्यांची जनुकं ताडून बघितली तर ठळक फरक निघाले ते दोन जनुकांपाशी, एक कवटीच्या-चोचीच्या घडणीशी संबंधित आणि दुसरं पिष्टमय पदार्थ पचवण्याशी. म्हणजे माणूस शेती करायला लागला, कणग्या भरायला लागला, तसं घरचिमणीचं पोट आणि तोंड दोन्ही धान्याला लागलं. दहा-अकरा हजार वर्षांचा हिशेब. आणि लांडग्याचं कुत्रं होताना कुत्र्यात जो बदल झाला तोही त्याच कुटुंबातल्या जनुकात. माणसाच्या ताटातलं पचवायला शिकलेले दोघे, एक बारदानावर झोपलेला, एक शेजारी दाणे फोडणारी.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ही मूळचीच दाणा बंदरची."

चहाला एका ओळखीच्या गाळ्यात बसलो. तिथल्या दिवाणजींना पण चिमण्यांचा विषय निघाल्यावर फार उत्साह, त्यांनी विचारलं की मग परदेशात ह्या कशा पोचल्या. तर माणसानेच नेल्या. १८५० च्या सुमाराला इंग्लंडहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडल्या, किडे खातील म्हणून, आणि बघता बघता अख्खा खंड व्यापला. १९६४ साली जॉन्स्टन आणि सेलँडर ह्या दोघांनी तिकडच्या वेगवेगळ्या भागांतल्या चिमण्या तपासल्या तर थंडीच्या उत्तरेकडच्या अंगाने मोठ्या, कोरड्या वाळवंटाकडच्या फिकट, दमट भागातल्या गडद. शंभर-सव्वाशे वर्षांत! तोपर्यंत असं धरलं जायचं की असे बदल व्हायला हजारो वर्षं लागतात.

आणि बंपसचा किस्सा तर हिशेबनीसांसाठीच आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावात बर्फाचं मोठं वादळ झालं, बंपस नावाच्या प्राध्यापकाकडे अर्धमेल्या चिमण्या आणून दिल्या गेल्या, १३६. त्यातल्या ७२ जगल्या, ६४ मेल्या. त्याने प्रत्येकीची लांबी, वजन, पंख, डोकं, मांडीचं हाड सगळं मोजलं आणि जगलेल्या आणि मेलेल्या वेगळ्या मांडल्या, की निसर्ग निवडतो म्हणजे नक्की कुणाला निवडतो. सगळे आकडे छापून टाकले, आजही लोक तेच आकडे घेऊन नवीन नवीन गणितं करतात. दिवाणजींनी काय करावं, समोरच्या कॅल्क्युलेटरवर ७२ अधिक ६४ मारलं. "टॅली होतंय," म्हणाले. काका म्हणाले, "होणारच, नाहीतर छापलं नसतं."

परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली नाही, घणसोलीपासून कॅमेऱ्याची बॅग कुणाच्यातरी डब्याच्या पिशवीत अडकलेली.

चौथा दिवस, रविवार, करावे आणि परत नौपाडा

सकाळी सीवूड्सला माझ्या एका मित्राकडे. त्याच्या सोसायटीने मागच्या वर्षी चिमणी वाचवा म्हणून वीस लाकडी घरटी लावली, फोटो काढले, फेसबुकवर टाकले. मी मुद्दाम फिरून बघितली. सगळी पश्चिमेला तोंड करून, दुपारचं ऊन थेट आत, लाल-निळा ऑइलपेंट, आणि भोकं एवढी मोठी की तीन घरांत साळुंक्या नांदतायत. चिमणीला सव्वा-दीड इंचाचं भोक पुरतं, त्यापेक्षा मोठं केलं की साळुंकी मालकीण. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले पुढच्या आठवड्यात २० मार्चला जागतिक चिमणी दिनाला आम्ही सेल्फी पॉइंट करतोय, तुम्ही या. बरं.

सोसायटीचं लॉन मात्र असं की गालिचा. दर पंधरा दिवसांनी फवारणी. इथेच खरी गोम आहे असं माझं मत झालंय. मोठी चिमणी दाण्यावर जगेल पण पिल्लाला पहिले काही दिवस किडे-अळ्याच लागतात, मऊ, पाण्याचा अंश असलेल्या. लॉनवर एक अळी जिवंत नाही, मग तांदूळ कितीही टाका. लोक मोबाइल टॉवरला शिव्या देतात, त्याचा तसा ठोस पुरावा काही मिळालेला नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल २०२० साली आला त्यातही म्हटलंय की देशभर बघितलं तर चिमणी टिकून आहे, घटली ती मोठ्या शहरांत, त्यात मुंबई आलीच.

आणि हे खोटं वाटत असेल तर सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून करावे गावात जा, चालत काही मिनिटं. मधे एक रस्ता. गावठाण म्हणजे दाटीवाटी, अर्धी कौलं अर्धे स्लॅब, सुकत टाकलेले बोंबील, कोंबड्या, घराबाहेर तुळस-केळ-अळू, भिंतींना भोकं. पहिल्याच गल्लीत चिमण्या. एका घराचं काम चालू होतं, वाळूचा ढीग पडलेला, त्यात सहा चिमण्या धुळीची आंघोळ करत होत्या. छातीने खळगा करतात, पंख झटकून वाळू अंगावर घेतात, डोकं घासतात, मग एकदम सगळं अंग फुलवून झाडतात. प्रत्येकीचा खळगा ठरलेला, दुसरी आली की चोच दाखवायची. ओट्यावर मासे साफ करत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बिल्डिंगीत नाय का तुमच्या?" म्हटलं नाही. "मंग हितंच यायच्या," आणि परत सुरीकडे.

अळवाच्या पानावरून एक चिमणी हिरवी अळी घेऊन कौलाखाली गेली. आतून कालवा. बाहेर आली, परत अळवावर. पंधरा मिनिटांत नऊ वेळा. काका सोबत नव्हते, मीच मोबाइलवर नोंद केली, रिकाम्या फेऱ्या धरून अकरा.

दुपारी नौपाड्याला परत. जेवताना ताईचा व्हिडिओ कॉल, तिला मी पंतांचा फोटो दाखवला, तिने तिचा दाखवला, शेजारी शेजारी धरल्यावर फरक असा की हसू आलं, तिचा चिमणा धुरकट, जाडजूड, कोट घातल्यासारखा. मावशीने मधेच तिच्या काश्मीर ट्रिपचा फोटो काढला, हाउसबोटीच्या कठड्यावर बसलेला चिमणा, गाल पांढरे पण छातीवरचा काळा रंग पार खालपर्यंत पसरलेला. हिमालयाच्या वायव्येकडे पार्किनी नावाची उपजात आहे ती अशीच, जरा मोठी, छातीवर काळा जास्त, थंडीत खाली उतरणारी. म्हणजे सात वर्षं मावशीच्या फोनमध्ये तिसरी उपजात पडून होती, आणि ती फोटो दाखवताना प्रत्येक वेळी म्हणायची, हा बघा दल लेक.

चारला निघायचं होतं. बॅग घेऊन खाली आलो, म्हटलं पंतांना शेवटचं बघून घेऊ. मीटरपेटीच्या कडेवर चिमणा बसलेला होता, अंग फुलवून, चिरर्प चिरर्प चालू. काका तिसऱ्या पायरीवर वही घेऊन. मी बसलो शेजारी. चिमण्याने पंख खाली सोडले, आधी उजवा, मग डावा. डावा पंख पूर्ण तपकिरी होता. काळा डागही लहान, कडा अजून फिकट. मादीने डोकं बाहेर काढलं, बघितलं, आत गेली.

मावशी वरून गॅलरीतून विचारत होती, "पंत आहेत का रे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, आणि "आहेत, आहेत" म्हणाले. मग वहीत लिहिलं: मादी तीच. नर नवीन, दुपारी ३.४०.